‘द बॅटमॅन’ची फोर के डिस्क: पार्ट टूची कथा याच डिस्कमध्ये दडलीय

स्पॉयलर भरपूर आहेत. ‘द बॅटमॅन’ आणि त्यानंतरची पेंग्विनची मालिका दोन्ही बघितलं नसेल तर आधी ते बघा, मग हे वाचा, कारण मी काहीच झाकून ठेवणार नाहीये.

तर मॅट रीव्हजच्या ‘द बॅटमॅन’ची फोर के ब्ल्यू रे डिस्क. चित्रपट मार्च २०२२ मध्ये आला, डिस्क त्याच वर्षी मे महिन्यात आली, आणि मी ती घेतली ती चित्रपट पुन्हा एकदा बघायला नाही तर पॉज करत करत बघता यावा म्हणून. सिक्वेलची तारीख आधी ३ ऑक्टोबर २०२५ होती, मग २ ऑक्टोबर २०२६ झाली, मग १ ऑक्टोबर २०२७, आणि या सगळ्या वाट बघण्याच्या काळात आम्ही फॅन लोकांनी पार्ट टूच्या ढीगभर कथा रचल्यात, पण त्यातल्या बऱ्याच कथांमध्ये पहिला भाग शोधूनही सापडत नाही. नुसती व्हिलनची नावं असतात. हा येणार, तो येणार, याचा रोल अमक्याने करावा. मला ते पटत नाही. सिक्वेल पहिल्या भागात जे अर्धवट राहिलंय त्यातून उगवायला हवा, आणि काय काय अर्धवट राहिलंय ते बघायचं तर मागे जाऊन, थांबून, आवाज वाढवून बघावं लागतं. म्हणून या डिस्कला मी दोन गोष्टींसाठी जोखलंय, एक म्हणजे डिस्क म्हणून ती कशी आहे, आणि दुसरं म्हणजे पुढच्या कथेचा माग काढायला ती किती कामाची आहे.

आधी चित्र. हा चित्रपट अंधाराचा आहे, जवळजवळ सगळा रात्री आणि पावसात घडतो, आणि ऑनलाइन बघताना नेमकी तिथेच वाट लागते कारण स्ट्रीमिंगमध्ये फाइल दाबून लहान केलेली असते आणि दाबताना पहिला बळी अंधारातल्या बारकाव्यांचा जातो, काळ्याच्या जागी करडे चौकोन दिसायला लागतात. फोर के डिस्कमध्ये ६६ किंवा १०० जीबी जागा असते, त्यामुळे काळा तो काळाच राहतो आणि त्या काळ्यात हललेली काळी केपही दिसते. माफिया डॉन फाल्कोनीच्या क्लबमधल्या त्या कॉरिडॉरचा सीन आठवा, लाइट गेलेत आणि फक्त बंदुकीच्या गोळीच्या उजेडात बॅटमॅन एकेक पाऊल पुढे येतोय. तो सीन मी डिस्कवर बघितला तेव्हा पहिल्यांदा कळलं की प्रत्येक उजेडात तो नेमका कुठे उभा आहे हे ठरवून केलंय, आधी मला तो नुसता गोंधळ वाटला होता.

एक मात्र लक्षात घ्या, चित्र कडक शार्प नाहीये आणि तो डिस्कचा दोष नाही. कॅमेरामन ग्रेग फ्रेझरने हे डिजिटल शूट केलं, मग ते फिल्मच्या निगेटिव्हवर उतरवलं आणि तिथून परत स्कॅन करून डिजिटल केलं, म्हणून सगळ्याला एक मऊपणा आणि दाणेदारपणा आलाय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन शार्पनेस वाढवू नका, आणि मोशन स्मूदिंग असेल तर आधी बंद करा, नाहीतर तीन तास मालिका बघितल्यासारखं वाटेल. खोलीतले दिवेही घालवा. दिवसा पडदे उघडे ठेवून हा चित्रपट बघू नये, मनापासून सांगते.

आवाज डॉल्बी अ‍ॅटमॉस आहे आणि तो या डिस्कचा सगळ्यात मोठा गुण. पहिल्या मारामारीच्या आधी अंधारातून बुटांचा जो आवाज येतो तो सावकाश येतो, जड येतो, आणि त्या गुंडांसारखेच आपणही कुठून येतोय ते शोधायला लागतो. बॅटमोबाइल सुरू होते तेव्हाची ती घरघर तर छातीत जाणवते. मायकल जियाचिनोचं संगीत चार सुरांवर उभं आहे, तेच चार सूर सुरुवातीला दहशत वाटतात आणि शेवटाकडे जाईपर्यंत तेच धीर देणारे वाटायला लागतात, हे मला चांगल्या स्पीकरवर ऐकल्यावर उमगलं. तक्रार एकच, रॉबर्ट पॅटिन्सन इतका हळू बोलतो की आवाज त्याच्यासाठी वाढवावा आणि पुढच्याच सीनला घाईघाईत कमी करावा लागतो. सबटायटल लावून बघा, त्यात कमीपणा काही नाही.

एक्स्ट्रा फीचर्सची डिस्क वेगळी आहे. पन्नासेक मिनिटांची मुख्य मेकिंगची फिल्म आहे, कार चेसवर एक, विंगसूटच्या उडीवर एक, कॅटवुमनवर एक, आणि कॉलिन फॅरेलचा पेंग्विन कसा घडला यावर एक. शेवटची नक्की बघा, माइक मारिनोचा मेकअप बघून हा तोच माणूस आहे यावर माझा दुसऱ्यांदाही विश्वास बसला नाही. कार चेसवाली पण छान, ती उलटी झालेली गाडी आणि तिच्या काचेतून उलटा चालत येणारा बॅटमॅन, तो शॉट कसा जमवला ते त्यात आहे.

डिलीटेड सीन मात्र फक्त दोन. १७६ मिनिटांचा चित्रपट, त्याचं शूटिंग जानेवारी २०२० ला सुरू होऊन कोविडमुळे अडखळत मार्च २०२१ पर्यंत चाललेलं, आणि आम्हाला दोन सीन? एकात सेलिना, म्हणजे कॅटवुमन, कीकार्ड मिळवते, तो बघून सोडून द्या. दुसरा अर्कहॅम या मनोरुग्णालयातला जोकरचा सीन, तो स्टुडिओने चित्रपट आल्यावर मार्च २०२२ मध्येच ऑनलाइन टाकला होता, पण डिस्कवर तो रीव्हजच्या कॉमेंट्रीसकट आहे. बॅरी कीओगन जाड काचेपलीकडे बसलाय, चेहरा धड दिसत नाही, आणि बॅटमॅन त्याच्याकडे रिडलरची, म्हणजे या चित्रपटातल्या खुन्याची, केस समजून घ्यायला आलाय. तो म्हणतो की आपली ॲनिव्हर्सरी जवळ आलीय ना. म्हणजे वर्षभरापूर्वी यांची गाठ पडलेली आहे, ओरिजिन वगैरे सगळं आपल्या मागे होऊन गेलंय.

इथूनच सिक्वेलच्या कल्पनांकडे येते. सगळ्यात जास्त फॅन कथा याच सीनवरून सुरू होतात आणि मला त्यातली एकही नको आहे. कृपा करून पार्ट टूमध्ये जोकर मुख्य व्हिलन नको. मोठ्या पडद्यावर आपण त्याला पुरेसं बघितलंय, आणि हा सीन इतका चांगला आहे त्याचं कारणच हे आहे की तो काचेमागे आहे आणि आपल्याला धड दिसत नाही. तो तिथेच राहू दे. बॅटमॅन अडला की त्याच्याकडे जावं, काहीतरी द्यावं, काहीतरी घ्यावं, पाच मिनिटं, बास.

बाकीच्या कल्पनांपैकी हिरव्या इंजेक्शनची एक आहे. क्लायमॅक्सला बॅटमॅन पडलेला असतो, सेलिना संकटात असते, तो मांडीत काहीतरी हिरवं टोचून घेतो आणि उठून त्या माणसाला मारता मारता मारूनच टाकेल अशा थराला जातो, पोलीस अधिकारी गॉर्डनला त्याला ओढावं लागतं. फॅन म्हणतात ते व्हेनम, कॉमिक्समधलं ताकद वाढवणारं औषध, म्हणजे ते घेणारा व्हिलन बेन येणार. मला वाटतं इथे लोक इशारा बरोबर पकडतात आणि त्याचा अर्थ चुकीचा लावतात. १९९१ च्या व्हेनम नावाच्याच कॉमिक्स कथेत बेन नाहीच, तो १९९३ ला आला, त्या कथेत बॅटमॅन स्वतः त्या गोळ्यांच्या आहारी जातो. मला पार्ट टूमध्ये तेवढंच हवं, की ब्रूस वेनच्या, म्हणजे मास्कमागच्या बॅटमॅनच्या, ड्रॉवरमध्ये त्या कुप्या किती उरल्यात हे त्याचा बटलर आल्फ्रेड मोजतोय आणि काही बोलत नाहीये.

मिस्टर फ्रीझची कल्पना भावनिक आहे हे मान्य. हा माणूस १९५९ ला मिस्टर झीरो नावाने आला तेव्हा नुसता गारठ्याची बंदूक घेतलेला चोर होता, १९९२ च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेने त्याला नोरा नावाची आजारी बायको दिली आणि तिथून त्याचं सोनं झालं. पहिल्या भागाच्या शेवटी आलेला पूर गेला, आता हिवाळा आलाय, शहर गोठलंय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मलाही मोह होतो. पण त्याचं दुःख नवरा बायकोचं आहे, आणि या पहिल्या भागातलं दुःख सगळं बाप आणि मुलांचं आहे. वेगळ्या चित्रपटाची ती गोष्ट आहे. हिवाळा मात्र मी उचललाय, खाली येईलच.

बाप आणि मुलं हे मला कधी जाणवलं ते सांगते. तिसऱ्यांदा बघताना मी मेयरच्या मुलावर लक्ष ठेवून बघितलं. चित्रपट त्याच्यापासूनच सुरू होतो, रिडलर दुर्बिणीतून बघतोय तेव्हा तो हॅलोवीनचा वेश करून बापाशी खेळतोय. मग बापाचं प्रेत त्यालाच सापडतं. बॅटमॅन तिथे येतो आणि सगळे पुराव्याकडे बघत असताना हा त्या मुलाकडे बघतो. मग अंत्यदर्शनाच्या वेळी ब्रूस म्हणून परत तेच. आणि शेवटी पाणी भरलेल्या हॉलमध्ये, हातात लाल फ्लेअर घेऊन बॅटमॅन खाली अडकलेल्यांकडे जातो आणि हात पुढे करतो, सगळे घाबरून मागे सरकलेले, तेव्हा पहिला हात कोण धरतं? तोच मुलगा. संवाद नाही. मी तिथे पॉज केलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्यानंतर मोजत गेले. ब्रूसचा बाप मारला गेला. रिडलर वेन घराण्याच्या जुन्या हवेलीत चालणाऱ्या अनाथाश्रमात वाढला आणि त्याचा सगळा राग हाच की ब्रूस अनाथ झाला तेव्हा शहर रडलं आणि माझ्यासाठी कोणी नाही. सेलिनाचा बाप फाल्कोनी, जो तिच्या आईचा खुनी निघतो. पेंग्विनच्या मालिकेतली सोफिया, तिला तर त्याच बापाने अर्कहॅममध्ये डांबलं. क्रिस्टिन मिलिओटीला त्या कामासाठी २०२५ ला एमी मिळालं आणि पूर्ण लायकीचं मिळालं. आणि ब्रूसच्या बापावरही डाग आहे. थॉमस वेन निवडणुकीला उभा होता, एडवर्ड एलियट नावाच्या पत्रकाराला त्याची बायको मार्था हिच्या घराण्यातल्या मानसिक आजाराची जुनी गोष्ट कळली, थॉमसने आधी पैसे देऊ केले, मग फाल्कोनीला सांगितलं की त्याला घाबरव, आणि फाल्कोनीने त्याला मारूनच टाकलं. आल्फ्रेड दवाखान्यात पडल्या पडल्या सांगतो की तुझा बाप पोलिसांकडे जाणार होता, त्याआधीच तो गेला. बरं, ब्रूस हे ऐकतो, आल्फ्रेडचा हात धरतो. आणि पुढे? काहीच नाही. पुढे पूर येतो आणि विषय बुडतो. एक माणूस वेनच्या सांगण्यावरून झालेल्या गोष्टीत मेला, आणि वेनचा मुलगा त्याबद्दल उरलेल्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही.

माझ्या दृष्टीने सिक्वेल इथेच आहे, बाकी कुठे नाही. बापाचं देणं मुलाने फेडायचं असतं ही आपल्याला माहीत असलेली गोष्ट, आणि ब्रूस दोन वर्षं बापाच्या नावाने गुंड मारत फिरतोय पण बापाचं खरं देणं त्याने हातात घेतलेलंच नाही.

बऱ्याच फॅनना एलियट नावावरून लगेच हश नावाचा व्हिलन आठवतो. बरोबर आहे, कॉमिक्समध्ये थॉमस एलियट हा ब्रूसचा लहानपणीचा मित्र, सर्जन, चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळलेला, २००२ च्या जेफ लोब आणि जिम ली यांच्या कथेत आलेला. शिवाय रिडलरच्या व्हिडिओत हश शब्द मोठ्या अक्षरात येतो, डिस्कवर थांबवून बघा. पण परत एक बापाचा सूड घेणारा मास्कवाला आणला तर तो दुसरा रिडलरच झाला ना. मला एलियटची मुलगी हवी, वडिलांसारखीच पत्रकार, जिला सूड नकोय, मास्क नाहीये, तिला फक्त छापून यायला हवंय की माझ्या बापाला का मारलं. सूड घेणाऱ्याला कसं हरवायचं ते बॅटमॅनला येतं. खरं मागणाऱ्या बाईसमोर तो काय करणार?

आता नीट कथा सांगते, माझी, कोणाला पटो न पटो.

पाणी ओसरलंय, हिवाळा लागलाय. समुद्राची भिंत फुटली तेव्हा क्राउन पॉइंटसारख्या वस्त्या गेल्या, मालिकेत ते बघितलंय आपण, व्हिक्टरचं आख्खं घर त्यात गेलं. नवी मेयर बेला रियाल शहर उभं करतेय, पैसा नाही. बुडालेल्या जमिनी कोणीतरी पडेल भावात विकत घेतंय, खरेदीदारांची नावं कागदावर वेगवेगळी, पण मागे जुनी घराणी. इथे मी कोर्ट ऑफ आउल्स आणते. स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कॅपुलोने २०११ ला ही जुन्या श्रीमंत घराण्यांची गुप्त मंडळी आणली आणि फॅन लोक तेव्हापासून ती पडद्यावर मागतायत. कॉमिक्समध्ये त्यांचे अड्डे वेन घराण्यानेच बांधलेल्या इमारतींच्या तेराव्या मजल्यावर लपलेले असतात, म्हणजे ब्रूसच्या नाकाखाली, त्याच्याच बापजाद्यांच्या घरात. या चित्रपटाला याहून फिट्ट काय बसेल. पण घुबडाचे मास्क आणि टॅलन मारेकऱ्यांची फौज सुरुवातीला नको. सुरुवातीला नुसते सभ्य लोक, मदतनिधीच्या कार्यक्रमाला आलेले, ब्रूसच्या खांद्यावर हात ठेवून तुझे वडील फार मोठे माणूस होते असं म्हणणारे.

जिल्ह्याच्या सरकारी वकिलाची खुर्ची रिकामी आहे, रिडलरने कोलसनच्या गळ्यात बॉम्ब बांधून त्याला उडवलं तेव्हापासून. तिथे हार्वी डेंट येतो. हे जवळजवळ प्रत्येक फॅन कथेत असतं आणि इथे मी सगळ्यांबरोबर आहे, खुर्ची रिकामी केलीय ती त्याच्यासाठीच. पण अ‍ॅसिड, जळलेला चेहरा, नाणं, त्याचा टू फेस नावाचा व्हिलन होणं, हे यातच उरकू नका! एकदा आपण ते एकाच चित्रपटात घाईत उरकलेलं बघितलंय. हार्वीला पूर्ण एक चित्रपट चांगला माणूस राहू दे म्हणजे तिसऱ्या भागात जे होईल ते सोसवणार नाही. इथे तो एवढंच करतो की रिन्युअल फंडाची फाइल उघडतो. थॉमस वेनने अनाथ आणि गरिबांसाठी जाहीर केलेले एक अब्ज डॉलर, त्याच्या मृत्यूनंतर माफिया आणि नेत्यांनी चरलेले, ते पैसे कुठे गेले हे शोधत तो निघतो. बॅटमॅन त्याला पुरावे आणून देतो, डोळ्यात घातलेल्या लेन्सच्या कॅमेऱ्याने रेकॉर्ड केलेलं सगळं. आणि हार्वी ते परत करतो. म्हणतो मास्क घातलेल्या माणसाने चोरून काढलेलं कोर्टात चालत नाही, मला नाव असलेला साक्षीदार हवा.

मला हे वाक्य लिहिताना अंगावर काटा आला, कारण अख्ख्या गॉथम शहरात रिन्युअलबद्दल आणि एलियटबद्दल नावानिशी साक्ष देऊ शकेल असा माणूस एकच उरलाय आणि तो ब्रूस वेन आहे. आल्फ्रेडही आहे खरं तर. आल्फ्रेड तयार असतो. ब्रूस त्याला जाऊ देत नाही, आणि त्या दोघांचं भांडण मला हवंय, खूप हवंय, अँडी सर्किस आणि पॅटिन्सन समोरासमोर, दहा मिनिटं, एका खोलीत. पहिल्या भागात आल्फ्रेड म्हणतो की तुला बाप हवा होता आणि तुझ्याकडे फक्त मी होतो. त्याचं पूर्ण उत्तर ब्रूसने अजून दिलेलं नाही.

मग घुबडं ब्रूससमोर सौदा ठेवतात. वेन टॉवरच्या आसपासची आणि बुडीत वस्त्यांमधली रिन्युअलची जमीन आमच्या नावावर कर, तुझ्या बापाची फाइल कायमची गायब होईल, एलियटच्या मुलीच्या हाती काही लागणार नाही, मार्थाच्या आजाराबद्दल कोणी बोलणार नाही. इथे मारायला कोणी नाहीये, पळवायला गाडी नाहीये. ब्रूस वेनला ब्रूस वेन म्हणूनच काहीतरी करावं लागणार. पहिल्या भागात बेला रियाल त्याला तोंडावर म्हणाली होती की तुमच्या घराण्याला दानधर्माची परंपरा आहे पण तुम्ही काहीच करताना दिसत नाही, त्या टोमण्याचं उत्तर द्यायची वेळ ही.

मुलाचं काय? मेयरचा मुलगा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा छोटा साथीदार, व्हावा ही फॅनची आवडती कल्पना आहे, आणि इथे मला आमच्याच लोकांना एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे. १९८८ मध्ये बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसीने जेसन टॉड हा दुसरा रॉबिन जगावा की मरावा हे वाचकांच्या फोनवर सोडलं होतं. दोन नंबर दिले होते, एक वाचवायचा, एक मारायचा. ५३४३ मतं मारण्यासाठी आली, ५२७१ वाचवण्यासाठी, ७२ मतांच्या फरकाने पोर मेलं. पुढे २००५ मध्ये लेखकांनी त्याला रेड हूड म्हणून परत आणला, पण तोवर बॅटकेव्हमध्ये काचेच्या पेटीत त्याचा तो रिकामा ड्रेस सतरा वर्षं टांगलेला होता. फॅनने कथेत हात घातला की काय होतं त्याचं याहून मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही. म्हणून मुलाबद्दल कल्पना करताना मला भीती वाटते. त्याला ड्रेस देऊ नका. तो दहाएक वर्षांचा आहे, त्याने बापाचं प्रेत बघितलंय, त्याला अंधारात उड्या मारायला शिकवणारा माणूस चांगला असूच शकत नाही. ब्रूसने त्याच्याकडे जावं, मास्क न लावता, काय बोलावं ते न सुचून नुसतं बसावं. आणि मुलाच्या कपाटात त्या रात्रीच्या लाल फ्लेअरचं विझलेलं नळकांडं ठेवलेलं असावं, ते ब्रूसला दिसावं. मुलगा ओळखतो की नाही हे आपल्याला कळू नये.

सेलिना या कथेत कमी आहे, याची मला खंत आहे. ती ब्लडहेवन शहराच्या वाटेने गेलीय, मालिकेच्या शेवटी अर्कहॅममध्ये सोफियाला तिचं पत्र येतं, म्हणजे दोन बहिणींची एक मोठी गोष्ट तयार होतेय, पण ती यात कोंबली तर दोन्हीवर अन्याय होईल. तिला वेगळा चित्रपट द्या. ऑझ, म्हणजे पेंग्विन, मात्र हवा, त्याच आठ भागांच्या शेवटी तो गादीवर बसलाय आणि आकाशात बॅटचा सिग्नल लागतो, त्यामुळे जमिनीच्या सौद्यात त्याचा वाटा असणारच. पण राजा म्हणून नाही, घुबडांच्या दारात उभा असलेला म्हणून. त्याला आत बसायला खुर्ची देत नाहीत. मालिका बघितलेल्यांना कळेल की हे त्याला किती लागेल आणि त्यातून तो काय करेल.

आता पुन्हा थोडं डिस्ककडे, कारण रिव्ह्यू आहे. याच सगळ्यासाठी ही डिस्क मला पाचपैकी साडेचार वाटते. अर्धा मार्क डिलीटेड सीनचा कापला. ज्यांना नुसता एकदा बघायचाय त्यांनी स्ट्रीमिंगवर बघितला तरी चालेल, पण रात्री, मोठ्या स्क्रीनवर. ज्यांना माझ्यासारखं प्रत्येक फ्रेम उकलायची आहे त्यांनी फोर केच घ्यावी, साध्या ब्ल्यू रेवर एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंग जास्त खोल दाखवणारी सोय, नसल्यामुळे लाल फ्लेअरच्या सीनमधला तो लाल रंग मला फिका वाटला, आणि त्या लाल रंगावर तर चित्रपटाचा शेवट उभा आहे. सुरुवातीला बॅटमॅन सांगतो की मी सूड आहे, शेवटी रिडलरचा एक माणूस पकडला गेल्यावर नेमकं तेच वाक्य बोलतो, आणि बॅटमॅनच्या चेहऱ्यावर, अर्ध्या मास्कमधून जेवढा दिसतो तेवढ्यावर, जे येतं ते फोर केमध्ये डोळ्यांच्या काळ्या रंगासकट दिसतं. मग तो केबल तोडतो, पाण्यात पडतो, फ्लेअर पेटवतो. हे तीन शॉट सलग बघा, आवाज बंद करून एकदा, चालू ठेवून एकदा.

माझ्या कथेचा क्लायमॅक्स यातूनच आलाय. हिवाळ्यातली संध्याकाळ, लवकर अंधारलंय, कोर्टातली सुनावणी लांबलीय, ब्रूस वेन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, समोर एलियटची मुलगी वही घेऊन बसलीय. आणि खिडकीतून आकाशात सिग्नल दिसतो. घुबडांनी क्राउन पॉइंटच्या तात्पुरत्या बांधलेल्या भिंतीला हात लावलाय, लोक अडकलेत, आणि त्यांना पक्कं माहीत आहे की अब्जाधीश ब्रूस मध्येच उठून बाहेर जाईल आणि साक्ष अर्धी राहील. सगळं थिएटर मनात म्हणत असणार, ऊठ, जा.

तो उठत नाही. तो बोलत राहतो. बापाचं नाव घेऊन, आईचं नाव घेऊन, एडवर्ड एलियटचं नाव घेऊन, हळू आवाजात, त्याच्या सवयीप्रमाणे, आणि दर वाक्याला खिडकीकडे बघायचं टाळत.

तिकडे गॉर्डन छतावर सिग्नलजवळ उभा आहे, कोणी येत नाही, जेफ्री राइटचा तो थकलेला चेहरा. तो खाली बघतो. गल्लीत एक लाल ठिणगी पेटते. मग पलीकडे दुसरी. वस्तीतले लोक स्वतःच फ्लेअर घेऊन पाण्यात उतरलेत, एकमेकांचे हात धरून रांगेने बाहेर येतायत, आणि सगळ्यात पुढे, कोणीही न बोलावता आलेला, मेयरचा मुलगा आहे. जियाचिनोचे ते चार सूर इथे पहिल्यांदा बॅटमॅन फ्रेममध्ये नसताना वाजावेत, एवढी माझी मागणी आहे.